तबकडीवर न छापलेली नावं

आकाशवाणीवर मराठी गाणं लागायच्या आधी तीन नावं कानावर पडतात. गीत अमुक, संगीत अमुक, स्वर अमुक. ही तीन रकान्यांची चौकट आपल्याकडे इतकी मुरली आहे की तबकडीच्या लेबलवरून ती कॅसेटच्या वेष्टनावर उतरली आणि तिथून दिवाळी अंकांतल्या स्मरणलेखांत. भावगीतावर लिहिणारा समीक्षक शब्दांविषयी लिहितो, चालीविषयी लिहितो, गळ्याविषयी लिहितो. गाणं मात्र या तिघांवर पुरं होत नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत व्हायोलिनं काय करतील हे कोणीतरी ठरवलेलं असतं, कोणीतरी ते कागदावर लिहिलेलं असतं, आणि बासरी किती जवळ, तबला किती लांब ऐकू यावा याचा निर्णय काचेपलीकडे बसलेल्या एका माणसाने घेतलेला असतो. पहिल्याला आपण संगीत संयोजक किंवा सरळ अ‍ॅरेंजर म्हणतो, दुसऱ्याला ध्वनिमुद्रक. आज ही दोन्ही कामं बहुधा एकच माणूस एकाच खोलीत बसून करतो आणि त्याला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतात. तो कोणाचाही नोकर नसतो. कामागणिक पैसे घेतो, काम संपलं की संबंध संपतो.

या माणसांची नावं गाळली जाण्याकडे आपण कृतघ्नता म्हणून पाहतो, एखाद्या सत्कार समारंभात शाल देऊन ती फेडतो आणि मोकळे होतो. मला तो मामला निव्वळ कृतज्ञतेचा वाटत नाही. नाव छापलं न जाण्याचे कायद्यात, व्यवहारात आणि समीक्षेत नेमके परिणाम होतात, आणि त्यातला समीक्षेचा वाटा आपण लिहिणाऱ्यांनी उचललेला आहे.

हे काम कायम बिननोकरीचं नव्हतं. प्रभातसारख्या कंपनीत वादक पगारी होते, संगीतकारही पगारी. कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये १९३५ साली ‘धूप छाँव’साठी पार्श्वगायन पहिल्यांदा वापरलं गेलं, तेव्हा ध्वनियंत्रणा सांभाळणारे मुकुल बोस कंपनीच्याच घरातले होते. (पार्श्वगायन ही आपल्या चित्रपटसंगीतातली सगळ्यात मोठी सौंदर्यशास्त्रीय घटना, आणि तिच्या मुळाशी एक ध्वनिमुद्रक आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) दुसऱ्या महायुद्धानंतर कंपन्यांची ही व्यवस्था मोडली. पैसेवाले नवे निर्माते आले. ते एकेका चित्रपटापुरते एकत्र येत आणि पांगत. पगारी वाद्यवृंद पोसणं कोणालाच परवडेना. वादक, संयोजक आणि सहायक सगळेच मोकळे झाले. सकाळी ताडदेवला, दुपारी वांद्र्याला अशी त्यांची धावपळ सुरू झाली. पुढे सिने म्युझिशियन्स असोसिएशनने श्रेणी आणि दर ठरवून घेतले, म्हणून निदान दिवसाची मजुरी बुडेनाशी झाली.

याच सुमाराला गोव्याची माणसं मुंबईच्या स्टुडिओंत मोठ्या संख्येने आली. त्यामागे पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळा होत्या. तिथे मुलं व्हायोलिन आणि स्टाफ नोटेशन शिकत. हॉटेलांतल्या जॅझ बँडांत वाजवून त्यांचा हात तयार झालेला असे. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईत आल्यावर ते ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवत. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवत आणि सी. रामचंद्र यांना साथ देत. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. फ्रँक फर्नांड अनिल विश्वासांपासून कल्याणजी-आनंदजींपर्यंत अनेकांकडे होते आणि त्याच कमाईच्या जोरावर त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपट काढले. मराठी भावगीतांच्या दुनियेत श्यामराव कांबळे, अनिल मोहिले यांनी हेच काम केलं. प्रभाकर जोग यांनी ‘गीतरामायणा’पासून सुधीर फडके यांचे सहायक म्हणून केलेलं कामही याच जातीचं.

हे काम नेमकं काय होतं? संगीतकार पेटीवर चाल सांगे. कधी मुखड्याआधीचा तुकडाही गुणगुणून दाखवी. अंतऱ्यांच्या मधल्या जागा कधी भरलेल्या असत, कधी मोकळ्या. संयोजक ती चाल कागदावर उतरवून घेई आणि मग प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद तयार करी. पहिल्या व्हायोलिनांना हे, दुसऱ्यांना हे, चेलोला हे. आवाजाच्या मागे, आवाजाला न अडवता जाणारी जी दुसरी सुरावट आपल्याला ऐकू येते, जिला स्टुडिओत ‘काउंटर’ म्हणत, ती बहुतेक वेळा या कागदावर जन्म घेई. चालीत ती नसे. चाल एकपदरी, रागाच्या अंगाने जाणारी. तिच्याखाली पाश्चात्त्य स्वरसंवाद घालायचा, तोही असा की कोमल गंधार बिचकू नये. हे साधं काम नाही. आपल्या संगीतात त्याला नाव नव्हतं, कारण आपल्या संगीतात तो प्रश्नच नव्हता.

इथे एक सावधगिरी हवी. ‘खरं संगीत अ‍ॅरेंजरच करत, संगीतकार नुसते मिरवत’ असा एक सूर अलीकडे ऐकू येतो. तो मला मान्य नाही. सलील चौधरी स्वतः नोटेशन लिहीत आणि त्यांच्या वाद्यमेळात त्यांचाच मेंदू दिसतो. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. नय्यर आणि शंकर-जयकिशन या दोघांचेही संयोजक सेबॅस्टियन. तरी नय्यरांचं गाणं तालाच्या पायांवर चालतं, त्यात मोकळ्या जागा असतात, सारंगीसारखं एखादं वाद्य एकटं उभं राहतं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात व्हायोलिनांची भिंत उभी राहते. लिहिणारा हात एकच असताना निकाल इतके वेगळे आले, याचा अर्थ संगीतकाराचा वाटा खराच मोठा होता. पण याचा दुसराही अर्थ आहे. एकाच माणसाला दोन परस्परविरोधी स्वभाव आतून ओळखता येत होते आणि त्या-त्या स्वभावाचं व्याकरण कागदावर मांडता येत होतं. दुसऱ्याच्या कल्पनेत शिरून ती पुरी करण्याच्या या गुणाला आपल्या समीक्षेकडे शब्द नाही. ‘सहायक’ हा शब्द आहे. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत सेबॅस्टियन आणि दत्ताराम ही नावं दिसतात, ती सहायक म्हणूनच. दत्तारामांच्या तालाला वादक आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणतात. ज्याच्या नावाने ताल ओळखला जातो त्याची पडद्यावरची पदवी ‘सहायक’ असावी, यातच सगळं आलं. आणि पडद्यावर निदान तेवढं तरी होतं. तबकडीच्या लेबलवर तेही नाही.

ध्वनिमुद्रकाची कथा आणखी पडद्याआडची. गायक, कोरस आणि चाळीस-पन्नास वादक एकाच वेळी वाजवत आणि चुकलं तर पहिल्यापासून पुन्हा, असा तो काळ. थोडे मायक्रोफोन, एकच ट्रॅक. नंतर दुरुस्तीची सोय नाही. आज पडद्यावर एक रेघ वरखाली करून जे साधतं, ते तेव्हा माणसांच्या खुर्च्या हलवून साधावं लागे. कोणी मायक्रोफोनच्या जवळ बसायचं, कोणी भिंतीशी, कोणी पाठ फिरवून वाजवायचं. जुन्या गाण्यात आवाजाला जी खोली जाणवते ती खरोखर खोलीचीच असते, त्या स्टुडिओच्या भिंतींची. मिनू कात्रक, रॉबिन चटर्जी, कौशिक ही नावं जुन्या चित्रपटांच्या नामावलीत भेटतात. शेकडो चित्रपटांवर ‘रि-रेकॉर्डिस्ट : मंगेश देसाई’ ही पाटी आहे, परळच्या राजकमलमध्ये बसून या मराठी माणसाने हिंदी चित्रपट कसा ऐकू यावा हे एका पिढीपुरतं ठरवून टाकलं. त्यांच्यावर मराठीत जितकं लिहिलं जायला हवं होतं त्याच्या शतांशही लिहिलं गेलेलं नाही. कॅमेरामनवर आपण लिहितो. डोळ्याला दिसतं ते काम वाटतं, कानाला ऐकू येतं ते आपोआप झालंसं वाटतं.

*

आता कायद्याकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयाची खरी गाठ तिथे आहे.

१९५७ चा कॉपीराइट कायदा १९५८ च्या जानेवारीत अमलात आला. त्यात ‘सांगीतिक कृती’ची जी मूळ व्याख्या होती ती वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. स्वरावली किंवा स्वरसंवाद किंवा दोन्हींचं मिश्रण, पण केव्हा? ते छापलेलं, लिहिलेलं किंवा अन्य रीतीने कागदावर उमटवलेलं असेल तेव्हा. हा कायदा विलायती नमुन्यावर बेतलेला होता. तिथे संगीतकार म्हणजे लिहिणारा. मुंबईत मात्र ज्याच्या नावावर संगीत असे तो बहुधा पेटीवर गाऊन दाखवी आणि लिहीत असे तो गोव्याचा संयोजक. व्याख्या अक्षरशः वाचली, तर तिच्यात बसणारी वस्तू, म्हणजे शाईने भरलेला तो कागद, एकाच माणसाच्या हातून तयार होत होती आणि त्या माणसाला कायद्यात जागाच नव्हती. लेखक म्हणजे संगीतकार, असं दुसरं पोटकलम सांगत होतं. संयोजनाचा उल्लेख कायद्यात आहे, पण तो ‘रूपांतर’ या सदराखाली. मूळ कृतीच्या मालकाच्या अखत्यारीतली गोष्ट, एवढंच त्याचं स्थान. कादंबरीचं नाटक करावं तसं.

तबकडीचा ‘लेखक’ कोण, याचं १९५७ चं उत्तर तर लोभसवाणं आहे. ज्या मूळ प्लेटवरून तबकडी निघते त्या प्लेटचा मालक. गाणारा नाही, चाल लावणारा नाही, मुद्रित करणारा नाही. धातूचा तुकडा ज्याच्या तिजोरीत तो लेखक. १९९४ च्या दुरुस्तीने प्लेट गेली आणि तिथे ‘प्रोड्यूसर’ आला. म्हणजे कृती घडवून आणण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. व्यवहारात ही व्यक्ती म्हणजे कंपनी. एकाच शब्दाची ही फाटाफूट नीट पाहण्यासारखी आहे. कायद्यातला प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा. आजच्या बोलीतला म्युझिक प्रोड्यूसर म्हणजे रात्रभर जागून गाणं घडवणारा. हा दुसरा पहिल्याच्या करारावर सही करतो आणि त्या सहीने आपण प्रोड्यूसर नसल्याचं मान्य करतो.

१९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडियन मोशन पिक्चर्स असोसिएशन हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीतावर चित्रपट निर्मात्याची मालकी न्यायालयाने मान्य केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला आपलं एक छोटं टिपण जोडलं. लिहिलेल्या स्वरावलीला संरक्षण आहे, पण गाणाऱ्याच्या गळ्याला नाही, हे भारतीय परंपरेशी विसंगत आहे आणि संसदेने याकडे पाहावं, असा त्याचा आशय. ते टिपण सुंदर आहे, आणि त्यातून पुढे कायदा हललाही. पण त्याची सहानुभूती नेमकी कुठपर्यंत जाते ते पाहा. लिहिलेलं विरुद्ध गायलेलं अशी जोडी न्यायमूर्तींनी मांडली. ते लिहिलेलं कोणी लिहिलं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तीन रकान्यांची चौकट सर्वोच्च न्यायालयातही पोचली होती.

त्याच १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला. प्यारेलालजींनी आपल्या गुरूचं नाव त्यातल्या गाण्यात घातलं आणि देशभर ते नाव ओठांवर खेळलं. त्या नावाचा खरा माणूस मुंबई सोडून कधीचाच अमेरिकेला गेला होता. १९५८ मध्ये भारतीय रागांवर वाद्यवृंदरचना करून मैफली भरवणारा, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यात गायला लावणारा हा माणूस लोकांना ठाऊक झाला तो अंड्यातून बाहेर येणाऱ्या विनोदी पात्राच्या रूपाने. शिष्याचा हेतू निखळ प्रेमाचा होता, यात शंका नाही. तरी संयोजकाचं नाव गाजण्यासाठी ते कल्पित पात्राचं व्हावं लागलं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

पुढे १९९४ मध्ये सादरकर्त्यांचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना आपला रॉयल्टीचा वाटा सोडून देण्यापासून कायद्यानेच रोखलं आणि सादरकर्त्यांनाही वाट्याचा हक्क दिला. वादक हा ‘सादरकर्ता’ आहेच. पण व्याख्येला एक परंतुक जोडलेलं आहे. चित्रपटात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक किंवा आनुषंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही दिलं जात नाही, तो सादरकर्ता समजला जाणार नाही. अपवाद एकाच हक्काचा. आपल्या सादरीकरणाची मोडतोड झाली, तर त्याला हरकत घेता येईल. याला लागूनच दुसरा नैतिक हक्क आहे, आपलं नाव लावलं जाण्याचा. तो मात्र त्याला नाही. कारण त्याचं नाव आधी लावलेलं नव्हतं.

हे परंतुक गर्दीतल्या ‘एक्स्ट्रा’ कलाकारांना डोळ्यासमोर ठेवून आलं असेल. पण त्याची भाषा पन्नास व्हायोलिनवाल्यांपैकी तिसऱ्या रांगेतल्या माणसावर टाकून पाहा. नाव छापण्याचा रिवाज नसणं हाच हक्क नसण्याचा आधार होतो. रिवाज कोणी पाडला? कंपन्यांनी पाडला, निर्मात्यांनी पाडला, आणि आम्ही पाडला, जे तीन नावं लिहून परिच्छेद संपवत आलो.

ध्वनिमुद्रक तर या दारातही शिरत नाही. सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडीसुद्धा नावानिशी आहेत. गारुड्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या कानांवर सगळ्या गाण्याचा तोल उभा असतो त्याचा उल्लेख नाही. १९६२ च्या आयकर नियमावलीतल्या ६ एफ या नियमात चित्रपट कलावंतांची यादी होती. कॅमेरामन होता, संकलक होता, वेशभूषाकार होता, संगीत दिग्दर्शकाचा सहायकसुद्धा होता. ध्वनिमुद्रक नव्हता. हिशेब विचारायलासुद्धा सरकारला तो आठवला नाही.

*

‘मग ठोक पैसे घेऊन मोकळं व्हायचं, यात वाईट काय?’ हा प्रश्न मला स्वतः या धंद्यातल्याच लोकांनी विचारला आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. त्याचं सगळ्यात निग्रही समर्थन एका अमेरिकन ध्वनिमुद्रकाने केलं. शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी २०२४ च्या मे महिन्यात एकसष्टाव्या वर्षी गेला. आयुष्यभर त्याने स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचं नाकारलं. तबकडीवर ‘ध्वनिमुद्रण : स्टीव्ह अल्बिनी’ एवढंच त्याला पुरे असे, कधी तेही नको असे. १९९२ च्या अखेरीस निर्वाणा या जगभर गाजलेल्या बँडला त्याने एक पत्र लिहिलं. त्यात त्याने रॉयल्टी साफ नाकारली. नळ दुरुस्त करणारा जसा कामाचे पैसे घेतो तसे मला द्या, असा त्याचा आग्रह. तीस लाख प्रती खपल्या, तर एक-दीड टक्क्याने आपल्याला चार लाख डॉलरच्या आसपास मिळतील, हा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि तो पैसा बँडचा आहे, तो घेऊन मला झोप लागणार नाही, असं कळवलं. एक लाख डॉलर ठोक घेऊन १९९३ च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या एका स्टुडिओत त्याने ‘इन युटेरो’ मुद्रित केला.

त्याच वर्षी ‘द बॅफलर’ या नियतकालिकात त्याचा संगीतधंद्यावरचा निबंध आला. निबंधाचा कळस म्हणजे जमाखर्चाचा तक्ता. एका कल्पित बँडच्या अडीच लाख प्रती खपतात. सगळी वजावट झाल्यावर बँडमधल्या प्रत्येकाला ४,०३१ डॉलर आणि २५ सेंट मिळतात, प्रोड्यूसरला ९० हजार. समीक्षा म्हणून मी हा तक्ता फार वरचा मानतो. त्यात विशेषणांची गरजच पडत नाही. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या भावगीतसंग्रहाचा असा तक्ता कोणी छापला असता, तर सुवर्णयुगावरचे कितीतरी लेख लिहायचे राहिले असते.

पण अल्बिनीचा दाखला मुंबईला जसाच्या तसा लागू करणं ही फसवणूक होईल. तिथे प्रोड्यूसरला टक्केवारी मिळण्याचा रिवाज होता, म्हणून नाकारण्याला अर्थ होता. त्याच्यापुढे दोन ताटं होती; त्याने एक सरकवलं. सेबॅस्टियन किंवा श्यामराव यांच्यापुढे दुसरं ताट कोणी मांडलंच नव्हतं. दुसरं असं की अल्बिनीने नकार दिला तरी त्याचं नाव राहिलं, त्या नावावर पुढचं काम आलं, १९९७ मध्ये त्याचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला आणि पैसे नसलेल्या नवख्या बँडांना तो स्वस्तात मुद्रण करून देऊ शकला. ठोक रकमेमागे नाव असेल तर ती किंमत असते. नाव नसेल तर तीच रक्कम मजुरी होते. आणि नाव असूनही मर्यादा होतीच. ‘इन युटेरो’चं मुद्रण कंपनीला रुचलं नाही, दोन गाणी दुसऱ्याकडून नव्याने मिक्स करून घेतली गेली. निदान कोणती दोन आणि कोणाकडून, हे जगाला कळलं.

आपल्याकडेही वेगळं करून दाखवता येतं. १९९२ च्या ‘रोजा’नंतर ए. आर. रहमान यांनी कॅसेट आणि सीडीच्या वेष्टनांवर वादकांची, ध्वनिमुद्रकांची नावं छापायला सुरुवात केली. चेन्नईचे एच. श्रीधर हे ध्वनिमुद्रक रसिकांना नावानिशी माहीत झाले ते त्यामुळे. २००८ मध्ये ते गेले तेव्हा हळहळणाऱ्यांत धंद्याबाहेरचे लोकही होते. वेष्टनाच्या आतल्या पानावर दहा ओळी वाढल्याने कंपनीचं दिवाळं निघालं नाही. मराठीत ‘सैराट’साठी २०१६ साली अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद मुद्रित केला, तेव्हा त्या वाद्यवृंदाची केवढी बातमी झाली. दादर-माहीमच्या व्हायोलिनवाल्यांनी साठ वर्षं तेच केलं, पण ती बातमी नव्हती.

*

ज्यांनी या अंधारात दिवा नेला त्यांच्याविषयीही थोडं बोललं पाहिजे. ऑकलंडचे संशोधक ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ २००८ साली आलं. ते मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांच्या मुलाखतींवर उभं आहे. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ २०१२ चं. या दोन पुस्तकांशिवाय या विषयावर कोणाला पाऊल टाकता येणार नाही. बूथ यांची एक मर्यादा मात्र जाणवते. त्यांचं पुस्तक माणसांच्या आठवणींवर विसंबतं, आणि कोणी कोणता तुकडा रचला हे आठवणीतून ठरवणं धोक्याचं असतं. ते वादकाजवळ पोचतात. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक त्यांच्याही पुस्तकात कडेलाच राहतो. आपल्या अशोक रानड्यांनी २००६ मध्ये हिंदी चित्रपटगीतावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. ध्वनी हाच ज्यांच्या विचाराचा गाभा होता असा एवढा कानसेन समीक्षक, पण ग्रंथाची मुख्य मांडणी संगीतकार आणि गायक अशीच. रानड्यांना संयोजन ऐकू येत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना ते संगीतकाराच्या नावावर मांडावं लागलं, कारण हाताशी असलेली सगळी साधनं त्याच रकान्यांत भरलेली. हमराज यांचा ‘गीतकोश’ घ्या. चित्रपट, वर्ष, संगीतकार, गीतकार, गायक, तबकडीचा क्रमांक. एका माणसाने कानपुरात बसून उभं केलेलं हे काम थक्क करणारं आहे. पण तबकडीवर जे छापलं नव्हतं ते कोशात कुठून येणार?

आता आजच्या खोलीत डोकावू. डोंबिवली, विरार, कोथरूड. आठ बाय दहाची खोली, भिंतींना फोमचे तुकडे, गादी उभी करून केलेला गायनकक्ष. फोनवर गुणगुणलेली चाल येते, बहुधा पंख्याच्या आवाजासकट. तो ती ऐकून पट्टी ठरवतो, लय ठरवतो, स्वरसंवाद घालतो, ताल रचतो, बासरीवाल्याला तासाभरासाठी बोलावतो, गायकाचे बारा टेक घेऊन त्यातून एक सलग टेक शिवतो, हुकलेला सूर जागेवर आणतो, मिक्स करतो, मास्टर करतो. स्ट्रीमिंगवर सगळी गाणी सारख्याच पातळीला आणून वाजवली जातात हे माहीत असूनही ‘आवाज अजून मोठा पाहिजे’ या हट्टापायी गाण्याचा श्वास कोंडतो. मग दुरुस्त्या. ‘जरा फील येत नाहीये,’ एवढ्या एका वाक्यावर तीन रात्री. शेवटी सगळे ट्रॅक सुटे करून पाठवायचे आणि एका ना-हरकत पत्रावर सही करायची. त्यात कधीकधी नाव लागलंच पाहिजे असं नाही, असंही एक कलम असतं. पैसे थकलेले असताना ते कलम कोणी खोडत नाही.

यात सेबॅस्टियन आहेत, तिसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला आहे आणि मिनू कात्रकही आहेत. गाळलेली तीन नावं एका माणसात गोळा झाली आहेत. फरक एवढाच की त्या तिघांच्या मागे निदान एक संघटना, एक ठरलेला दर आणि दुपारी एकत्र चहा पिणारे सोबती होते. हा एकटा आहे आणि त्याचा दर शेजारच्या गल्लीतला दुसरा पोरगा रोज पाडतो आहे.

समीक्षेने त्याच्याकडे कसं पाहावं, याला नय्यर आणि शंकर-जयकिशन यांची ती जोडी वाट दाखवते. आज एकच प्रोड्यूसर सकाळी गणपतीचं गाणं करतो, दुपारी रॅपवाल्या पोराचं, रात्री एखाद्या कवीच्या गझला. या तीन गाण्यांचे गायक वेगळे, शब्द वेगळे, संगीतकार वेगळे. आपल्या चौकटीत ती एकमेकांच्या शेजारी कधीच येणार नाहीत. ती एका मांडीवर घेऊन ऐकायला हवीत. ढोलाच्या घुमण्याला तो किती जागा देतो, गझलेच्या मिसऱ्यानंतर किती शांतता राखतो, रॅपमधला श्वास कापतो की ठेवतो. तिन्हींत एखादी सवय सापडते का, की सवय न सापडणं हीच त्याची सवय आहे? गाणी हाताशी आहेत, ऐकायला फुकट आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा फोन अजून लागतो.